हात मुलाचा, नाव आईचं

हिचकॉकचा ‘सायको’ १९६० साली आला. त्याचा तिसरा भाग १९८६ साली आला आणि तो दिग्दर्शित केला अँथनी पर्किन्सने, म्हणजे खुनी नॉर्मन बेट्सची भूमिका पहिल्यापासून करणाऱ्या नटानेच. भयपटांचे चाहते याचं कौतुक करतात. पात्र ज्याच्या अंगात मुरलेलं आहे, तोच आता त्याची गोष्ट सांगणार! पण गोष्ट कुणाच्या बाजूने सांगितली जाणार, हेही तिथेच ठरलं.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉर्मन हा आडरस्त्यावरचं लॉज चालवणारा लाजाळू, मऊ बोलणारा तरुण. त्याने आईला आणि तिच्या मित्राला विष देऊन मारलेलं आहे आणि आईचं प्रेत घरात जपून ठेवलेलं आहे. एखादी बाई आवडली की तो आईचे कपडे आणि केसांचा टोप चढवून तिला भोसकतो. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ येऊन पोलिसांना समजावतो, की हे त्याच्यातल्या ‘आई’ने केलं, आणि ती बाई होतीच तशी, मुलाला घट्ट धरून ठेवणारी, हट्टी. ती बाई कशी होती हे सांगायला आता कोणीच नाही. तिची म्हणून जी वाक्यं आपण ऐकतो, तीही तिचा खून करणाऱ्या मुलाच्या डोक्यातली. (आणि बाईचे कपडे घातलेला पुरुष म्हणजे खुनी, ही प्रतिमा या चित्रपटाने जगभर पोचवली. त्याची किंमत तृतीयपंथीयांनी मोजली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

पुढच्या भागांत तर आया बदलत जातात. १९८३ च्या दुसऱ्या भागात मिस स्पूल नावाची बाई येते आणि ‘तुझी खरी आई मीच’ म्हणते. नॉर्मन तिलाही मारून वर माडीवर बसवतो. तिसऱ्या भागात कळतं की ती आई नव्हती, बहिणीवर जळणारी मावशी होती. १९९० च्या चौथ्या भागात पुन्हा मूळ आई, या वेळी तरुण, देखणी आणि क्रूर. प्रत्येक वेळी खुनाचं मूळ शोधायला निघायचं आणि एखाद्या बाईपाशीच येऊन थांबायचं!

तिसऱ्या भागात एक प्रसंग मात्र खरोखर चांगला सुचलेला आहे, आणि तो पर्किन्सने मन लावून चित्रित केला आहे. मॉरीन ही मठ सोडून आलेली नन लॉजमध्ये उतरते. नॉर्मन ‘आई’ होऊन, सुरा घेऊन न्हाणीघरात शिरतो, तर तिने आधीच मनगटं कापून घेतलेली. ग्लानीत तिला तो मेरीमाता दिसतो आणि हातातला सुरा क्रूस. तो तिला वाचवतो. क्षणभर वाटतं, आता काही तरी वेगळं घडेल. पण मॉरीनला पुढे स्वतःचं असं काहीच दिलेलं नाही. ती वाचते ती नॉर्मनवर प्रेम करण्यापुरती. मग एक दिवस जिन्यावर ‘आई’चा आवाज येतो, नॉर्मन दचकतो, मॉरीन पडते आणि मदनाच्या पुतळ्याचा बाण तिच्या डोक्यात घुसतो. हेही आईच्याच खात्यावर.

आणि नॉर्मनची सुटका कशी दाखवली आहे? तो त्या बाईच्या प्रेताचे तुकडे करतो. पुरुष मोकळा व्हायचा तर बाईचं शरीर पुन्हा एकदा कापायला हवं, मग ती मेलेली का असेना.

याच चित्रपटात ड्यूक नावाचा एक तरुण आहे. तो मॉरीनला गाडीत घेतो आणि तिच्या अंगाशी झोंबतो. ती भर पावसात उतरून पळते. दुसऱ्या एका मुलीला तो रात्री खोलीवर आणतो आणि काम झाल्यावर अर्धवट कपड्यांत बाहेर काढतो. ती टेलिफोनच्या खोक्यात जाते आणि तिथे ‘आई’ तिला गाठते. ड्यूकला आई नाही, टोप नाही, कसला आजार नाही. तो नेहमीचा माणूस आहे, म्हणूनच त्याच्या वागण्याचं स्पष्टीकरण द्यायला कोणी मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. दिग्दर्शकालाही त्यात भय दिसत नाही. त्याला भय दिसतं टोपात. आणखी एका मुलीचं प्रेत बर्फाच्या पेटीत दडवलेलं असतं आणि शेरीफ त्यातलेच रक्ताळलेले खडे तोंडात टाकतो. इथे प्रेक्षकांनी हसायचं असतं.

‘भयपट एवढा मनावर काय घ्यायचा?’ असं कोणी म्हणेल. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात ५१,१०० स्त्रिया आणि मुली जोडीदाराच्या किंवा घरच्यांच्या हातून मारल्या गेल्या. रोज सरासरी १४०. आडरस्त्यावरच्या लॉजवर नव्हे.

समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या मैत्रिणींना नॉर्मन अनोळखी नाही. ‘आई बोलली म्हणून हात उचलला’ हे वाक्य नवरा खाली मान घालून म्हणतो आणि खोलीतलं वातावरण सैल होतं. पोलीस, नातेवाईक, कधी मार खाल्लेली सूनसुद्धा सासूकडे वळते. सासू जाच करत नाही असं मी म्हणत नाही. करते, आणि त्याचा जाब तिला द्यावाच लागेल. पण हात त्याचा होता, आणि बघता बघता तो माणूस दोन बायकांच्या मधे सापडलेला बिचारा होऊन बसतो. पर्किन्स नॉर्मनला ज्या हळुवारपणे उभा करतो, तोच हा बिचारेपणा. नट म्हणून त्याची ताकद मोठी, यात वादच नाही. म्हणूनच ती धोक्याची.

गटात हा चित्रपट दाखवायचा असेल तर जरूर दाखवा. चर्चेच्या वेळी मात्र नॉर्मनला बाजूला ठेवा आणि एवढंच विचारा: ड्यूकने काय काय केलं, आणि त्यातलं किती आपल्याला चित्रपट बघताना खटकलं?