आधी पाहुणा, मग हिशेब

"नरकाची भीती काढली, तर माणसं पाप कशाला सोडतील?" रविवारच्या उपासनेनंतर हा प्रश्न मला हमखास ऐकू येतो. माझं म्हणणं साधं आहे: भीतीनं माणूस पाप सोडत नाही, लपवतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चूक कबूल करणाऱ्याची जिथे सगळ्यांसमोर खरडपट्टी निघते, त्या टीममध्ये बग कमी होत नाहीत. फक्त कुणी सांगत नाही.

लूकच्या 19व्या अध्यायातला जक्कय बघा. यरीहोचा मुख्य जकातदार, गडगंज. गाव त्याला पापी म्हणायचंच. पण तेवढ्यानं त्यानं कुणाला दमडी परत केल्याचं लूक सांगत नाही. येशूनं मात्र उंबरावर चढलेल्या या माणसाला हाक मारली आणि त्याच्याच घरी मुक्काम ठरवला. 'आधी सुधार' अशी अट घातली नाही. मग जक्कय आपणहून उभा राहिला: अर्धी मालमत्ता गरिबांना, फसवलेल्यांना चौपट.

याला 'स्वस्त क्षमा' म्हणणाऱ्यांनी गणनाचा 5वा अध्याय उघडावा. आपणहून कबुली देणाऱ्यानं मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, एवढंच नियमशास्त्र मागतं. बाकीचं जक्कयकडून कुणी मागितलंच नव्हतं.

पाळकसाहेब, पुढच्या रविवारी नरक थोडा बाजूला ठेवा. हा हिशेब सांगा.