डीजेचं नाव तीनदा, हलगीवाल्याचं एकदाही नाही

लग्नसराईत चुडाव्यात, पूर्णेत नाहीतर नांदेडच्या एखाद्या गल्लीत वाजणारं कुठलंही रिमिक्स नीट ऐकून बघा. गाणं सुरू व्हायच्या आधीच एक भारदस्त आवाज घुमतो, 'डीजे अमुक-तमुक इन द मिक्स'. मध्येच तो पुन्हा येतो, शेवटाला परत. आपलं काम दुसऱ्यानं ढापू नये म्हणून केलेली ही सोय. तिच्यात गैर काहीच नाही. पण त्याच गाण्याखाली जी हलगी कडाडत असते, ती कुणी वाजवली? विचारून बघा, बहुतेक वेळा उत्तर येईल, 'लूप आहे, फोल्डरमध्ये होता.' तो फोल्डर मित्राकडून आलेला, मित्राला आणखी कुणाकडून. वाजवणारा माणूस त्या वाटेवर कुठेतरी गळून गेलेला.

हे आत्ताच का विचारायचं? कारण आतापर्यंत लूप म्हणजे एकच तुकडा घोटत बसणं होतं. कान लवकर कंटाळायचे. काही वेगळं हवं असलं की वाजवणाऱ्याला बोलवावंच लागायचं. आता एका तुकड्यातून शेकडो नवे तुकडे काढून देणारी सॉफ्टवेअर मिळतात, त्यातली बरीचशी फुकट. म्हणजे वाजवणाऱ्याला एकदाच बोलवायचं, किंवा बोलवायचंच नाही. हे तंत्र भारी आहे, शिकण्यासारखं आहे. पण ते आलं कुठून आणि त्यात कुणाचं काय बुडालं, हे शिकणाऱ्याला माहीत हवं.

सहा सेकंदांची कथा

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या 'द विन्स्टन्स' या बँडची एक रेकॉर्ड आली. एका बाजूला 'कलर हिम फादर' हे गाजलेलं गाणं. मागच्या बाजूला जागा भरायला म्हणावं तसं 'आमेन, ब्रदर'. या दुसऱ्या गाण्यात मध्येच सगळी वाद्यं थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटाच वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. बाकी सगळे गप्प होऊन फक्त ड्रम उरतो, त्या जागेला 'ब्रेक' म्हणतात. आणि त्यावर बांधलेल्या तालाला 'ब्रेकबीट'.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात डीजे कूल हर्क यांनी एक गोष्ट हेरली होती. लोक गाण्यावर नाचतात, पण पेटून उठतात ते ब्रेकवर. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती शेजारी ठेवून ते ब्रेकच लांबवायला लागले. हिपहॉपची सुरुवात तिथून धरतात. पुढे सॅम्पलर आले आणि कोलमनचे ते काही सेकंद हजारो गाण्यांत जाऊन बसले. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये 'जंगल' आणि 'ड्रम अँड बेस' हे प्रकार फोफावले, त्यात तर हा तुकडा पायाचा दगडच ठरला.

कोलमनना त्यातून काय मिळालं? काही नाही. २००६ मध्ये ते ॲटलांटात हलाखीत वारले. बँडचे म्होरके रिचर्ड स्पेन्सर यांनाही कित्येक वर्षं रॉयल्टीचा छदाम मिळाला नाही. २०१५ मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून त्यांना सुमारे २४ हजार पौंड दिले. जगभर वाजलेल्या तुकड्याचा मोबदला शेवटी वर्गणीतून आला!

हजेरीपटावरचा ताल

हा तुकडा नुसता घोटला गेला असता तर लोक लवकर विटले असते. तो टिकला कारण पोरांनी तो कापला. कापायचं हत्यार होतं 'ट्रॅकर'. १९८७ मध्ये कार्स्टन ओबार्स्की यांनी अमिगा या संगणकासाठी 'अल्टिमेट साउंडट्रॅकर' काढलं. स्क्रीनवर दिसतो तो चक्क हजेरीपट. वरून खाली ६४ ओळी आणि चार उभे रकाने. प्रत्येक रकान्यात एक आवाज. ओळी वरून खाली सरकत जातात आणि ज्या घरात जे लिहिलंय ते वाजतं. स्वरलिपी येत नसली तरी चालतं. फ्लॉपीवर मावणारं अख्खं गाणं घरच्या संगणकावर तयार व्हायला लागलं.

ट्रॅकरमध्ये पुढे एक हुकूम आला, 'नऊ' क्रमांकाचा. त्याचा अर्थ, आवाज पहिल्यापासून नको, अमुक जागेपासून वाजव. एवढ्याशा सोयीनं ब्रेकचे तुकडे कात्री न लावता सुटे झाले. पाचवा तुकडा आधी, पहिला नंतर, तिसरा चारदा भरभर. दुसरा एक हुकूम तोच ठोका एका ओळीत अनेकदा वाजवतो. ताशावर काडी थरथरते ना, तसा आवाज निघतो.

आता गंमत बघा. एका ब्रेकचे आठ तुकडे केले आणि आठ जागांवर ते हवे तसे मांडले, एकच तुकडा कितीदाही चालेल, तर मांडण्या किती होतात? आठचा आठवा घात, म्हणजे १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६. प्रत्येक मांडणी दोन सेकंदांची धरली तर न झोपता, न जेवता ऐकायला एक वर्ष आणि २३ दिवस लागतील. आणि त्यातल्या बहुतेक मांडण्या ऐकवणार नाहीत, नुसती खडखड.

म्हणून 'रँडम' बटण दाबून भागत नाही. चांगलं सॉफ्टवेअर नियम पाळतं. समेवरचा दणका हलवायचा नाही. टाळीची जागा शक्यतो तिथेच ठेवायची. भरभर ठोके टाकायचे तर ओळ संपताना, सुरुवातीला नाही. तीन वेळा सरळ, चौथ्यांदा मोड. २००१ च्या सुमाराला ब्रिटनमधले संगीतकार-संशोधक निक कॉलिन्स यांनी 'बीबीकट' नावाचं काम केलं, त्यात ब्रेक कापायच्या अशाच रीती संगणकाला शिकवल्या होत्या. 'लाइव्हकट' हे मोफत प्लगइन त्यावरूनच निघालं.

हे तर कायदा-पलट्यासारखं झालं

तबला शिकणाऱ्याला हे वाचून हसू येईल. एक कायदा घ्यायचा, त्यातलेच बोल उलटसुलट करून पलटे काढायचे, बाहेरचा बोल आणायचा नाही, खाली-भरी सांभाळायची आणि शेवटी तिहाई घेऊन समेवर यायचं. थोडक्या बोलांतून नियमानं असंख्य प्रकार काढायची ही रीत आपल्याकडे केव्हाचीच आहे.

आणि ती संगणकाला शिकवायचा प्रयत्नही भारतातच झालाय. १९८० च्या दशकात जेम्स किपेन हे ब्रिटिश अभ्यासक लखनौला उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. त्यांनी आणि बर्नार्ड बेल या फ्रेंच संशोधकानं मिळून 'बोल प्रोसेसर' बनवला. ॲपल टू या छोट्या संगणकावर. भाषेला व्याकरण असतं तसं कायद्याचं व्याकरण लिहायचं आणि यंत्रानं त्यातून पलटे काढायचे. ते पलटे जाणकार तबलजींपुढे ठेवायचे. हा चालेल, हा नाही, असं ते सांगायचे आणि त्यावरून नियम सुधारायचे.

इथेच सगळी गोम आहे. यंत्र पलटे काढत होतं, पण बरा कुठला हे ठरवणारा कान माणसाचा होता. आणि त्या माणसाचं, घराण्याचं नाव संशोधनात नोंदलेलं होतं.

पूर्णा तालुक्यातली एक नोंद

याच बर्नार्ड बेल यांचं नाव पुढे आपल्या भागाशी जोडलेल्या एका कामात येतं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. लाखभर ओव्या. बेल त्या कामात आले, ध्वनिमुद्रणं झाली, डेटाबेस उभा राहिला. आज तो 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात आहे.

त्यात पूर्णा तालुक्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे आहेत. चुडावाही याच तालुक्यातलं. १९९६ मध्ये मुद्रित झालेला त्यांचा आवाज ऐकताना समोर लिहिलेलं दिसतं, गाणारी कोण, गाव कुठलं, तालुका कुठला. ओवी तर कुणा एकीची नसते, पिढ्यानपिढ्या तोंडातोंडी आलेली. तरीही हा गळा कुणाचा, हे नोंदलं गेलं.

आता दोन चित्रं शेजारी ठेवा. एकीकडे जगभर वाजलेले, पण वाजवणाऱ्याला काही न देणारे ते सेकंद. दुसरीकडे जात्यावर बसून गायलेली ओवी, नावागावासकट. पैसा दोन्हीकडे नव्हता म्हणा. पण दुसरीकडे माणूस हरवला नाही. फरक तंत्राचा नव्हता. फरक होता एक रकाना जास्तीचा ठेवण्याचा.

'ताल काय कुणाच्या बापाचा आहे का?'

हा प्रश्न येणारच आणि तो रास्त आहे. ताल कुणाचाच नाही. केरवा कुणी विकत घेऊ शकत नाही, हलगीची चालही नाही. तुम्ही स्वतः वाजवली तर कुणी अडवणार नाही. पण अमुक दिवशी अमुक माणसानं वाजवलेलं आणि टेप झालेलं जे आहे, ते त्याचं काम आहे. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीत त्यात कलाकाराचा हक्क आला आणि २०१२ मध्ये तो आणखी पक्का झाला. कलम ३८ प्रमाणे हा हक्क ५० वर्षं टिकतो. ३८-अ मध्ये व्यापारी वापरातून रॉयल्टीची तरतूद आहे. ३८-ब म्हणतं, सादरीकरण माझं आहे म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क कलाकाराला आहे. कायद्यात 'कलाकार' म्हणजे फक्त सिनेमातला नाही. वरातीपुढे हलगी वाजवणाराही त्यात येतो.

हा प्रश्न आता कोर्टातही पोचलाय. एआयवर अख्खं गाणं बनवून देणाऱ्या सुनो आणि उडिओ या कंपन्यांवर जून २०२४ मध्ये अमेरिकेतल्या बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी दावे ठोकले. आमची गाणी न विचारता यंत्राला शिकवायला वापरली, ही तक्रार. त्यांच्याकडे वकिलांची फौज आहे. हलगीवाल्याकडे काय आहे?

आणि आपल्याकडे या प्रश्नाला जातीचाही पदर आहे, तो झाकून चालणार नाही. हलगी ज्यांनी पिढ्यानपिढ्या वाजवली, त्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं. मिरवणुकीला त्यांचं वाद्य चालायचं, पंगतीला माणूस चालायचा नाही. आता तेच वाद्य मोबाईलमध्ये आलं, माणूस पुन्हा बाहेरच राहिला. हे बटण कुणी मुद्दाम दाबलेलं नाही. पण उघडं पाडायचं तर आपल्यालाच पाडावं लागेल.

मग करायचं काय?

रिमिक्स सोडा, असं कुणी म्हणत नाही. सीझनमध्ये चार पैसे कमावणारी पोरंही आपल्यातलीच आहेत. उलट जास्त शिका. 'ओपनएमपीटी' आणि 'मिल्कीट्रॅकर' ही ट्रॅकर सॉफ्टवेअर फुकट आहेत, जुन्या लॅपटॉपवर आरामात चालतात. चोरीची कॉपी शोधायची गरज नाही.

फोल्डरमधला लूप टाकायच्या ऐवजी गावातल्या वाजवणाऱ्याकडे जा. त्यांना आधी सांगा की याचं काय करणार आहोत. शांत जागा बघून फोनवर मुद्रण करा. संथ, मध्यम, जलद, प्रत्येकी दोन-दोन मिनिटं, आणि सुटे ठोकेही. किती पैसे, कशासाठी वापर, पुढे कुणाला देणार, हे एका कागदावर साध्या मराठीत लिहा. दोघांच्या सह्या करा, एक प्रत त्यांना द्या. मग खुशाल कापा, उलटा, यंत्राला शंभर प्रकार काढायला लावा. आणि त्यातले चांगले कुठले, ते त्यांनाच ऐकवून विचारा. लखनौत जे केलं तेच. 'असं हलगीत येत नसतं बाबा' हे वाक्य कुठलंच सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही.

राहता राहिलं नाव. जुन्या ट्रॅकरच्या फाइलमध्ये प्रत्येक आवाजाला नाव द्यायची जागा असते, २२ अक्षरांची, रोमन लिपीतली. जगभरची पोरं त्या जागेत मित्रांना नमस्कार लिहायची, आपली सही करायची. म्हणजे नावासाठी रकाना पहिल्यापासून होता. 'चुडावा' रोमनमध्ये लिहिलं तर सात अक्षरं होतात. उरलेल्या १५ अक्षरांत वाजवणाऱ्याचं नाव सहज बसतं.