मोटारीची खोली

अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब. महाराष्ट्राच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत एका मोटारीला दिलेली ही जागा. साडेबारा चौरस मीटर! गिरणगावातल्या चाळींत एवढ्याच खोलीत दोन-दोन पिढ्यांचे संसार झाले. आज मात्र घरांच्या चटई क्षेत्रावरून मोटारींचा हिशेब आधी मांडावा लागतो. त्याशिवाय नकाशा मंजूर होत नाही.

मला खटकते ते हे, की ज्याच्या दारात सायकलसुद्धा नाही तोही या जागेचे पैसे फ्लॅटच्या किमतीतून मोजतो. बरे, त्यामुळे रस्ता तरी मोकळा झाला का? संध्याकाळी आमच्या गल्लीत येऊन पाहा. स्टिल्टमध्ये कोणाचे गोदाम, कोणाची जुनी कपाटे. मोटारी रस्त्यावर, कारण तिथे फुकट! (शाळकरी पोरे त्यांच्यामधून कशी वाट काढतात, ते विचारू नका.) बिल्डर तर ही जागा वेगळी विकत. दहिसरच्या एका सोसायटीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ते चालणार नाही असे बजावले.

जपानने 1962 सालीच कायदा करून जबाबदारी मोटार घेणाऱ्यावर टाकली. आधी जागेचा दाखला, मग मोटार. आणि ती जागा आज घरापासून दोन किलोमीटरच्या आत लागते. आपल्या राज्य सरकारनेही 2025 मध्ये अशा दाखल्याची कल्पना मांडली. मी तिच्या बाजूचा आहे. मात्र दाखला देणाऱ्याने कागद पाहून भागवू नये, स्टिल्टमध्ये उतरून कपाटे मोजावीत.