साहेबांचा अंगठा आणि आपली तक्रार

प्रभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुंबलेल्या गटाराचा फोटो टाकला, त्यावर साहेबांचा अंगठा आला, म्हणजे तक्रार नोंदवली गेली असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी ही पोस्ट आहे. मोठी आहे, पण वाचा. नळ तुमचाच आहे आणि गटारही तुमचंच.

आधी अंगठ्याबद्दल. ग्रुपमध्ये सहसा 'एक्स्पोर्ट चॅट' हा पर्याय असतो. तो दाबला की सगळं बोलणं एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये येतं. तारीख, वेळ, नाव किंवा नंबर, आणि पुढे मेसेज. पण मेसेजवर बोट दाबून दिलेला अंगठा त्या फाईलमध्ये येतच नाही. तक्रार दिसते, साहेबांनी ती पाहिली याचा मागमूसही राहत नाही. एकेकाळी सावकाराच्या कागदावर उमटलेल्या अंगठ्यानं दोन-दोन पिढ्या बांधल्या जायच्या. अधिकाऱ्याच्या अंगठ्यानं आज कुणीच बांधलं जात नाही, खुद्द अधिकारीसुद्धा नाही.

आमच्या गावात काही जणांनी ठरवलं की ग्रुपवरच्या तक्रारी मोजायच्या. मी इंजिनीअर नाही, पत्रकारितेची पदविका आहे माझी. पण पायथन नावाची भाषा आणि त्यातली पांडाज नावाची लायब्ररी दोन्ही फुकट आहेत. वेस मॅककिनी या गृहस्थांनी २००८ मध्ये एका गुंतवणूक कंपनीत असताना ही लायब्ररी लिहायला घेतली, पुढे सगळ्यांसाठी खुली केली. शेअर बाजाराचे आकडे लावायला बनलेलं हत्यार गटारांच्या तक्रारी लावायलाही चालतं. ओळी तोडायच्या, रकाने पाडायचे, प्रभागानुसार आणि विषयानुसार गट करायचे, तक्रार आणि उत्तर यांतले दिवस मोजायचे. लिपिकानं नोंदवहीत केलं असतं तेच काम.

यात खाचखळगे आहेत आणि ते लपवायचं कारण नाही. काही सांगितलं नाही तर पांडाज तारीख अमेरिकन पद्धतीनं वाचते. ०५/०६ म्हणजे आपल्यासाठी ५ जून, तिच्यासाठी ६ मे. दिवस आधी येतो हे सांगावं लागतं. नाहीतर पावसाळ्यातली तक्रार उन्हाळ्यात जाऊन बसते आणि एखाद्या अभियंत्यावर महिनाभराच्या दिरंगाईचा खोटा आरोप होतो. चार ओळींची तक्रार असेल तर खालच्या तीन ओळींवर तारीख नसते, त्या वरच्या ओळीला जोडाव्या लागतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव-नंबरचा रकाना पहिल्याच पायरीवर काढून टाकायचा. आम्ही काढला. मोजायची होती ती गटारं.

तयार झालेला तक्ता आम्ही कुठेही न छापता आधी नगरपरिषदेत नेऊन दिला. उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून आकडे इथेही टाकत नाही. उत्तर काय आलं? "ग्रुप खासगी आहे, तुम्ही डेटाचोरी केलीत." आणि पुढच्याच आठवड्यात ग्रुपवर मेसेज २४ तासांनी आपोआप गायब होण्याची सोय सुरू झाली.

म्हणजे आता सोमवारी टाकलेली तक्रार मंगळवारी जगात नाही. आवक-जावक नोंदवही रोज संध्याकाळी जाळली तर आपण गप्प बसलो असतो का?

खासगीपणाचं म्हणाल तर तो मूलभूत अधिकार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २०१७ मध्ये तसं सांगितलंय आणि मला तो शंभर टक्के मान्य आहे. पण तो माणसाला असतो, तुंबलेल्या गटाराला नसतो. ग्रुपला नाव नगरपरिषदेचं, ॲडमिन नगरपरिषदेचा कर्मचारी, "कार्यालयात येऊ नका, ग्रुपवर टाका" असं सांगणार नगरपरिषद. मग ग्रुप खासगी कसा? माहिती अधिकार कायदा, २००५ च्या व्याख्येत ई-मेलही येतो आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातली सामग्रीही येते. कलम ४ तर म्हणतं, अभिलेख नीट सूची करून ठेवा आणि लोकांनी मागायच्या आधीच माहिती प्रसिद्ध करा. मेसेज गायब करा असं कुठल्या कलमात आहे, ते मला दाखवा.

नंबरांची खरंच काळजी असेल तर दुसरीकडे बघा. बाजारात अशाही लायब्ररी आहेत ज्या व्हॉट्सॲप वेबचं सोंग घेऊन लॉगिन होतात आणि ग्रुपमधल्या सगळ्या सदस्यांचे नंबर एका झटक्यात उपसतात. कंपनीच्या नियमांत हे बसत नाही, पकडलं तर खातं बंद होतं. तरी निवडणूक आली की अनोळखी नंबरवरून तुमच्या प्रभागाचं नाव घालून मेसेज येतातच. ते नंबर कुठून आले हे विचारायला एकही नगरसेवक उठत नाही. नंबर टाकून देऊन तक्रारी मोजणारा चोर, आणि तक्रारी टाकून देऊन नंबर उचलणारा 'कार्यकर्ता'! वा रे न्याय.

कुणी म्हणेल, ग्रुपमुळे कामं लवकर तरी होतात. होतात, काही होतात. पहाटे सहाला गटारात उतरणारा कर्मचारी आणि सुट्टीच्या दिवशी व्हॉल्व्ह दुरुस्त करून घेणारा कनिष्ठ अभियंता मी पाहिलेत. पण नोंद नसली की त्यांचंही काम पुसलं जातं. बदलीच्या वेळी किंवा चौकशी लागली की त्यांच्या हातात दाखवायला काय राहतं? नोंद फक्त कामचुकाराला अडचणीची असते.

ग्रुप बंद करा असं माझं म्हणणं नाही. मागणी तीनच गोष्टींची आहे.

१. ग्रुपवरच्या प्रत्येक तक्रारीला आवक क्रमांक द्या आणि तो त्याच ग्रुपवर लिहा. अंगठा म्हणजे पोच नव्हे.

२. मेसेज गायब होण्याची सोय आजच बंद करा.

३. दर महिन्याला तक्रारींची यादी नावं-नंबर वगळून सूचना फलकावर लावा. विषय, प्रभाग, आल्याची तारीख, निकाली निघाल्याची तारीख, एवढे चार रकाने पुरे. तांत्रिक माणूस नसेल तर आम्ही फुकट शिकवायला येतो.

तोपर्यंत वाचकांनी एक करावं. ग्रुपवर तक्रार टाकली की तीच कागदावर लिहून आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या. कागद २४ तासांनी गायब होत नाही. तुमच्या गावातही असाच ग्रुप असेल तर तिथे ही पोस्ट टाका, आणि साहेबांनी हिलाही अंगठा दिला तर त्यांना लगेच विचारा, "साहेब, आवक क्रमांक काय?"