वास येतोय, तो भास नव्हे!

मैत्रिणींनो, भाताला खाली लागलं की बाहेरच्या खोलीत बसूनही आपल्याला कळतं. शेगडीची नळी जरा सैल झाली तर घरात सर्वांत आधी आपल्याच नाकाला वर्दी मिळते. मग गाडीत पेट्रोलचा वास आला की आपण गप्प का बसतो? ‘गाडीतलं आपल्याला काय कळतंय!’ असं म्हणून. या गप्प बसण्यातून आमच्याकडे काय ओढवलं असतं, ते आज सांगते.

आमची गाडी नऊ वर्षांची. एक दिवस कंपनीचं पत्र आलं : तुमच्या गाडीतला, टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा पंप सदोष निघाला आहे, गाडी आणा, फुकट बदलून देऊ. यालाच ‘रिकॉल’ म्हणतात. हे गाडी घेऊन गेले आणि दुपारपर्यंत नवा पंप बसवून परत आले.

चार दिवसांनी टाकी पूर्ण भरून आम्ही जेजुरीला निघालो. दिवे घाट चढताना मागं बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, रॉकेलसारखा वास येतोय का गं?" हे म्हणाले, "आई, पुढच्या ट्रकचा धूर असेल." वास मलाही आला होता, पण मी बोलले नाही. घाट संपला, खिडक्या उघड्या होत्या, विषय तिथेच राहिला.

रात्री गाडी इमारतीखाली लावली. सकाळी दूध आणायला उतरले तर पार्किंगमध्ये तोच वास! गाडीपासून चार हातांवर सगळ्या इमारतीचे विजेचे मीटर, आणि बाकावर रखवालदारकाका विडी शिलगावायच्या बेतात. "काका, काडी ओढू नका!" म्हणून मी अशी ओरडले, की दोन मजल्यांवरच्या बायका गॅलरीत आल्या. गाडी सुरू न करता, चौघांनी ढकलून आधी उघड्यावर नेली.

वर्कशॉपला फोन केला. उत्तर आलं, "मॅडम, काम नुकतंच झालंय, थोडे दिवस वास राहतोच." मी म्हटलं, "सांडलेल्या पेट्रोलचा वास हवा लागली की एक-दोन दिवसांत जातो. आज सहावा दिवस आहे. हा सांडलेल्याचा नाही, गळणाऱ्याचा वास आहे. गाडी चालवत आणणार नाही, उचलून न्या." तेव्हा कुठे गाडी उचलून न्यायला माणसं आली.

मागची सीट काढल्यावर उलगडा झाला. पंप नवा होता, पण त्याखालची रबरी रिंग जुनीच वापरलेली, तीही बसवताना पिळलेली. टाकीचं तोंड नीट बंदच झालं नव्हतं. टाकी अर्धी असताना कळलं नाही. पूर्ण भरल्यावर, घाटाच्या चढावर पेट्रोल वरपर्यंत आलं आणि झिरपलं. सासूबाई बसल्या होत्या त्या जागेच्या अगदी खाली!

तेव्हा रिकॉलची दुरुस्ती झाली म्हणजे काळजी मिटली, असं समजू नका. रिकॉलमध्ये ठरलेला एकच भाग बदलतात. तो काढता-घालताना शेजारच्या जुन्या नळ्या नि क्लिपा हलतात. नऊ-दहा वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, हात लागला की तडकतं. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या जातीचं रबर त्यानं लवकर खराब होऊ शकतं. म्हणून जुन्या गाडीच्या नळ्या वर्षातून एकदा तपासून घ्याव्यात.

गळती कशी ओळखाल? गाडीखाली पाण्याचे थेंब दिसले आणि वास नसेल, तर ते बहुधा एसीचं पाणी, घाबरू नये. बोटाला चिकट, काळपट लागलं तर तेल. पेट्रोल मात्र पटकन उडून जातं, डागही फिका राहतो, म्हणून डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास ठेवा. गाडी उघड्यावर असेल तर खाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा, थेंब कुठे पडतो ते दिसेल.

वास केव्हा येतो, हेही लिहून ठेवा. टाकी भरल्यावरच येत असेल तर दोष टाकीच्या वरच्या अंगाला : पंपाची रिंग, पेट्रोल भरायची नळी किंवा झाकणाचं रबर. इंजिन चालू असताना येत असेल तर इंजिनाकडे जाणारी नळी बघायला सांगा. त्या नळीत पेट्रोल टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त दाबानं वाहतं. बारीक चिरेतूनही फवारा उडतो, आणि इंजिन तर तापलेलं. ही गळती सर्वांत वाईट.

वास आला तर ताबडतोब काय करावं? गाडी बाजूला घेऊन बंद करा. मुलांना, म्हाताऱ्या माणसांना आधी उतरवा आणि लांब उभं करा. सामान मागाहून. पुन्हा चावी फिरवून बघू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, खड्ड्यात नि गटारात साचते. म्हणून बंद गॅरेजमध्ये वास असेल तर दारं उघडा, पण दिव्याचं बटण दाबू नका, पंखा लावू नका. गळक्या जागी साबण किंवा लांबी थापून गाडी दामटायची जुनी युक्ती कोणी सांगेल, ती ऐकू नका. पेट पेट्रोलचा असेल तर पाणी ओतू नका, जळतं पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरतं. पावडरचं अग्निशामक नळकांडं चालतं. पण जीव धोक्यात घालण्यापेक्षा लांब पळा आणि १०१ किंवा ११२ ला फोन करा.

वर्कशॉपमध्ये काय मागाल? तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. जॉब कार्डवर ‘रिकॉलच्या कामानंतर पेट्रोलचा वास’ असं लिहून घ्या, तारीख आणि किलोमीटरसह. पंप उघडला तर रिंग नवीनच हवी, हे आधी सांगा. काढलेले जुने भाग दाखवायला सांगा. काम झाल्यावर टाकी भरून, इंजिन चालू ठेवून, तुमच्यासमोर तपासायला लावा. रिकॉलचं काम फुकट, आणि त्या कामात राहिलेला दोष काढणंही त्यांच्याकडेच. वयानं सडलेली दुसरी नळी निघाली तर तिचे पैसे आपण द्यावेत. पण ती डोळ्यांनी बघून.

गाड्या परत बोलावणं हे काही नवं नाही. अमेरिकेत १९७८ साली फोर्ड कंपनीला पिंटो आणि तिच्या जोडीची बॉबकॅट मिळून सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मागून धडक बसली की त्यांची टाकी फुटून आग लागे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि सदोष गाड्या परत बोलावायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. आरसी पुस्तकावरचा चासी नंबर कंपनीला कळवला, की आपल्या गाडीचा रिकॉल आहे का ते समजतं. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावं, कारण पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असू शकतं. वर्कशॉपनं दाद दिली नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, म्हणून ते जॉब कार्ड जपून ठेवा.

आमची गाडी आता ठीक आहे. पुन्हा टाकी भरून दिवे घाट चढलो. निम्म्यात ह्यांनीच मागं वळून विचारलं, "आई, वास येतोय का?" सासूबाई म्हणाल्या, "नाही रे. आला तर सांगेन, पण या वेळी ऐक म्हणजे झालं."