मशागत कोणाची, नाव कोणाचे?

शेतीशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध एक-दोन पिढ्यांपूर्वीच तुटला, त्यांच्याही भाषेतून शेती गेलेली नाही. शिक्षक विद्यार्थ्यांच्या मनाची मशागत करतात, समीक्षक लेखनाला कसदार ठरवितात आणि वक्ते सद्‌विचारांचे बीजारोपण करतात. निवडणूक जवळ आली की उमेदवार मतदारसंघाची मशागत करू लागतो आणि साखरपेरणीलाही ऊत येतो. भाषेत अर्थविस्तार होणे स्वाभाविक आहे. त्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच की, शब्द शेताच्या बांधावरून शहरात येताना आपल्याबरोबर काय आणतो आणि काय मागे टाकून येतो.

‘मशागत’ हा शब्द मूळ अरबी ‘मशक्कत’वरून आला. त्याचा अर्थ कष्ट. हिंदीत सक्तमजुरीच्या शिक्षेला ‘बामशक्कत कैद’ म्हणतात, त्यातली मशक्कत हीच. म्हणजे या शब्दाच्या पोटात पिकाच्या आधी घाम आहे. नांगरणी, वखरणी, खुरपणी, कोळपणी ही सारी कामे फळ दृष्टीस पडण्यापूर्वीची. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागेचे उदाहरण घ्यावे. बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधील खरड छाटणीनंतर फळ लगेच हाती येत नाही. ती पुढच्या घडांसाठी काडी तयार करते. फळ धरते ते ऑक्टोबरच्या छाटणीनंतर. ज्याला एप्रिलमध्ये राबावयाचे नाही, त्याला पुढे द्राक्षे मिळत नाहीत. मनाच्या मशागतीलाही हाच न्याय लागू असला पाहिजे. परंतु अलंकारिक अर्थाने शब्द वापरताना फळ तेवढे आपण जवळ ठेवतो आणि एप्रिल महिना विसरतो.

ही तुलना आपल्याकडेच सुचली असे नाही. तत्त्वज्ञान म्हणजे मनाची मशागत, असे रोमन विचारवंत सिसेरोने दोन हजार वर्षांपूर्वीच मांडले, आणि ‘कल्चर’ हा इंग्रजी शब्दही शेत कसण्याच्या लॅटिन क्रियापदातूनच निघाला. त्याला भारतीय भाषांत प्रतिशब्द शोधताना बंगालीत ‘कृष्टी’ हा शब्द पुढे आला होता. नांगरण्याचा अर्थ असलेल्या ‘कृष्’ धातूपासून तो बनलेला. रवींद्रनाथ ठाकुरांना तो रुचला नाही. त्यांनी ‘संस्कृती’ला पसंती दिली. भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी यांनी नमूद केले आहे की, या अर्थाने ‘संस्कृती’ हा शब्द त्यांना १९२२ साली पॅरिसमध्ये एका महाराष्ट्रीय मित्राकडून मिळाला. शब्द सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्याच्या निवडीबरोबर नांगराची आठवण मात्र पुसली गेली.

ती आठवण ज्यांनी जागी ठेवली, त्यांत महात्मा फुले अग्रभागी होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आजही वाचावा असा हिशेब मांडला. सरकारचा महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो, असा त्यांचा आक्षेप होता. मनाच्या मशागतीचा खर्च मातीच्या मशागतीने सोसला, हा त्याचा सरळ अर्थ. पुढे १९१४ साली नाशिकमध्ये मराठा विद्या प्रसारक समाज आणि १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था उभी राहिली. भाऊरावांनी संस्थेच्या नावातच ‘रयत’ घातली. शब्दाचे दोन अर्थ पुन्हा एकत्र आणण्याचाच तो प्रयत्न होता.

अलंकारिक अर्थ सैल झाला तर फार तर भाषणे पोकळ होतात. मूळ अर्थ सैल झाला, तर मात्र माणसांचे हक्क जातात. ‘कसेल त्याची जमीन’ या तत्त्वावर मुंबई राज्यात १९४८ साली कुळवहिवाट कायदा झाला आणि पुढील दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ रोजी कुळे कसत असलेल्या जमिनी, काही अटींवर, त्यांनी खरेदी केल्याचे मानले गेले. याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने आयकराच्या एका प्रकरणात, प्रत्यक्ष जमिनीवर मानवी श्रम आणि कौशल्य खर्च झाल्यावाचून शेती होत नाही, असा निर्वाळा दिला. श्रमाला इतके महत्त्व आले, तरी श्रम कोणाचे हा प्रश्न शिल्लक राहिला. कुळकायद्याच्या व्याख्येत ‘जातीने कसणे’ म्हणजे स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या श्रमाने कसणे, तसेच आपल्या देखरेखीखाली मजुरांकडून कसून घेणेही. हातातला नांगर सुटला तरी कसणारा हे नाव सुटत नाही.

व्यवहारात याचे परिणाम दिसतात. आज अनेक ठिकाणी जमीन वाट्याने किंवा खंडाने दिली जाते, पण कागद होत नाही. कारण कुळाचा हक्क लागेल अशी भीती मालकाला वाटते. राबणारा एक आणि उताऱ्यावर दुसरा, अशी स्थिती होते. पीककर्ज आणि नुकसानभरपाई सामान्यतः उताऱ्यावरील नावामागे जाते. २०१९ साली सुरू झालेली पंतप्रधान किसान सन्मान निधीची वार्षिक ६,००० रुपयांची मदतही जमीनधारक कुटुंबांपुरतीच ठरविली गेली. गारपिटीने पीक झोपते ते एकाचे आणि भरपाई येते ती दुसऱ्याच्या खात्यात.

स्त्रियांची अवस्था याहून वेगळी नाही. निंदणी, खुरपणी, कापणी यांत त्यांचा वाटा किती, हे कोणत्याही शिवारात दिसते. तरी २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीदारांत त्यांचे प्रमाण १३.८७ टक्केच होते. शेतकरी संघटनेने १९८६ साली याच जिल्ह्यातील चांदवडला महिलांचे अधिवेशन भरविले. त्यानंतर पत्नीच्या नावे जमीन करण्याची ‘लक्ष्मी मुक्ती’ची चळवळ निघाली आणि शासनानेही पुढे त्या नावाची योजना आणली. दिशा योग्य होती. चाल मंद राहिली.

इंदिरानगरसारख्या वसाहतीत राहणाऱ्या नोकरदार वर्गाने हा विषय दूरचा मानू नये. आपली घरे ‘बिनशेती’ झालेल्या जमिनींवर उभी आहेत आणि आपल्यापैकी अनेकांची नावे गावच्या सातबाऱ्यावर आहेत. त्या नावाच्या आधारे आपण कायद्याने शेतकरी ठरतो. जमीन मात्र दुसराच कोणी कसतो. त्याच्याशी लेखी करार करण्यास आपण कचरतो, आणि संध्याकाळच्या व्याख्यानमालेत मनाच्या मशागतीवर टाळ्या वाजवितो.

उपाय फार अवघड नाही. मालकाची मालकी आणि कसणाऱ्याचा पिकावरील हक्क ही दोन्ही सुरक्षित राहतील, असा अल्पमुदतीचा लेखी करार कायद्याने सुलभ केला पाहिजे. जुन्या सातबाऱ्यावर ‘रीत’ आणि ‘जमीन करणाऱ्याचे नाव’ असे रकाने असत. २०२१ पासून पिकाची नोंद मोबाइलवरून होऊ लागली आहे. तीत या रकान्यांचा मूळ हेतू प्रामाणिकपणे पाळला जावा. पीक कोणते, याइतकेच ते कोणी काढले, हेही शासनाला ठाऊक असले पाहिजे. पत्नीचे नाव उताऱ्यावर लावणे तर कायदा बदलण्याचीही वाट न पाहता करता येते.

शब्दांचे अर्थ कोशात ठरतात, तसे ते तलाठ्याच्या दप्तरातही ठरतात. मशागत करणाऱ्याचे नाव तेथे येत नाही, तोवर मनाच्या मशागतीविषयी थोडे कमी बोललेले बरे.