नोटीस आली तर ती घ्या

पोस्टमन इंग्रजी मजकुराचं रजिस्टर घेऊन दारात आला की बऱ्याच घरांत एकच सल्ला मिळतो: सही करू नका, परत पाठवा. कृपा करून असं करू नका. योग्य पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवलेली नोटीस पोचली असं कायदा गृहीत धरतो. पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा पडला, तरी कोर्ट ती बजावली गेली असंच सहसा मानतं. मुदत सुरू होते, आणि आत काय लिहिलं आहे हे फक्त तुम्हालाच ठाऊक नसतं.

मुदत हेच सगळ्या नोटिशींचं मर्म. चेक न वटल्याची नोटीस मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे भरले, तर त्यावर फौजदारी खटला उभा राहत नाही. तारण घराबद्दल सरफेसी कायद्याखाली बँकेची नोटीस आली, तर 60 दिवस मिळतात. त्या काळात तुम्ही लेखी हरकत घेतली, तर ती का फेटाळली हे बँकेला 15 दिवसांत लेखी कळवावं लागतं. हे दिवस कपाटात ठेवलेल्या पाकिटासोबत निघून जातात, याचं वाईट वाटतं.

म्हणून इंग्रजी कागद आला की आधी त्याचा मथळा कुणाकडून तरी समजून घ्या. ‘शो कॉज नोटीस’ असेल, तर कारवाई का करू नये हे तुम्हाला विचारलं आहे. गप्प राहिलात तर सांगण्यासारखं काही नाही असाच अर्थ निघेल. प्राप्तिकर खात्याचं ‘इंटिमेशन’ पाहून घाबरू नका, रिटर्न भरणाऱ्याला ते येतंच. पण शेवटचा आकडा बघा, त्यात कराची मागणी असू शकते.

‘नोटिफिकेशन’कडे, म्हणजे अधिसूचनेकडे, मात्र सर्वांत जास्त लक्ष ठेवा, कारण ते बऱ्याचदा तुमच्या नावानं दारात येतच नाही. उदाहरणार्थ, झाशी जिल्ह्यात बेतवेकाठी एरच आहे. तिथं नदीवर धरणाचं काम हाती घेतलं गेलं. एरच असो की आपल्याकडचं एखादं गाव, 2013 च्या भूसंपादन कायद्याखालची प्राथमिक अधिसूचना राजपत्रात, दोन दैनिकांत आणि स्थानिक भाषेत ग्रामपंचायतीत व तहसील कचेरीत प्रसिद्ध व्हावी लागते. हरकतीसाठी त्यापुढे 60 दिवस असतात. तेव्हा परिसरात प्रकल्पाची नुसती कुजबुज झाली, तरी पंचायतीचा फलक वाचायला जा. नोकरीसाठी बाहेरगावी असाल, तर गावातल्या भावकीला तेवढं सांगून ठेवा. तलाठी फेरफाराची नोंद चावडीवर लावतो, तीही बघत जा. हरकतीला 15 दिवसच असतात.

याच झाशीत कागदाला कागदानं उत्तर देणारी एक बाई होऊन गेली. राणी लक्ष्मीबाईंचे पती, झाशीचे राजे गंगाधरराव यांनी 20 नोव्हेंबर 1853 रोजी मुलगा दत्तक घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. राणींनी गव्हर्नर जनरलला खलिते लिहिले, कंपनीशी झालेल्या 1817 च्या तहातल्या वारसाहक्काच्या शब्दांवर बोट ठेवलं. मार्च 1854 मध्ये दत्तक नामंजूर होऊन संस्थान खालसा झाल्याचं त्यांना कळवण्यात आलं, तरी त्या लिहीत राहिल्या. जॉन लँग या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या वकिलाचा सल्लाही त्यांनी घेतला. राज्य वाचलं नाही, हे खरं. पण झाशीनं तो हुकूम निमूट मान्य केला असं कुणालाही म्हणता येत नाही, कारण त्यांचं लेखी म्हणणं दप्तरात आहे.

आपलं उत्तरही तसंच लेखी हवं. फोनवर साहेबांशी बोलणं झालं, याला पुरावा नसतो. राज्य सरकारच्या कार्यालयाला मराठीत लिहा. 1964 चा राजभाषेचा कायदा आहे, इंग्रजी येत नाही म्हणून अडून बसू नका. वर नोटिशीचा क्रमांक आणि ती मिळाल्याची तारीख टाका. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स जोडा. आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पाकीटसुद्धा फेकू नका, त्यावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख पुढं कामी येते.

वकील परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. फोन करायचा असेल तर 15100. मुदतीचे दिवस शिल्लक असतानाच करा.